एम3 चं इंजिन ठोकतंय: दोष कुणाचा, हे बेअरिंग उघडल्यावर कळतं

प्रश्न: मी बर्मिंगहॅमला राहतो. चार महिन्यांपूर्वी इथल्या एका डीलरकडून 2009 ची बीएमडब्ल्यू एम3 (ई92, मॅन्युअल गिअर) वापरलेली घेतली. तेव्हा 78,000 मैल झाले होते. आठवड्याभरापासून इंजिन गरम झालं की खालून ठकठक ऐकू येते. जवळचा गॅरेजवाला म्हणतो, रॉड बेअरिंग गेलं. डीलर म्हणतो, तुम्ही गाडी पिदडली असणार, आमचा संबंध नाही. या गाडीची इंजिनं जातात अशा मालकांच्या तक्रारी बऱ्याच वाचल्या. आधीच्या पिढीच्या एम3 ला कंपनीनं बेअरिंग फुकट बदलून दिली म्हणे, मग हिला का नाही? दोष नेमका कुणाचा? आणि मी आता काय करू?

उत्तर:

सगळ्यात आधी, गाडी सुरू करू नका. डीलरला आवाज ऐकवायला नको, 'गॅरेज दोनच मैलांवर आहे' म्हणून नको, व्हिडिओ काढायला तर अजिबात नको. न्यायची झाली तर ट्रकवर चढवून न्या. ठोकणारं बेअरिंग आत्ता बदललं तर कदाचित शेल (बेअरिंगच्या पट्ट्या) आणि बोल्टवर भागेल. आणखी थोडी चालवलीत की क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, खराब होतो, आणि त्याहून पुढे पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. या इंजिनाचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा आहे, त्याला भोक पडलं की बांधायला काही उरत नाही. बेअरिंगचं काम आणि नवं इंजिन यांच्या बिलात जवळजवळ एका शून्याचा फरक असतो.

मी पुण्यात इंजिनं बांधायला शिकलो आणि गेली बरीच वर्षं इथं मिडलँड्समध्ये तेच करतो. त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू रोज बघतो. मालक म्हणतो कंपनीनं फसवलं, विकणारा म्हणतो मालकानं मारली. दोघांनीही इंजिन उघडलेलं नसतं.

आधी हे बेअरिंगच आहे का, ते पाहू. तुमच्या गाडीत एस65 हे इंजिन आहे: व्ही8, 3999 सीसी, 8300 आरपीएमला (मिनिटाला फेरे) 420 पीएस (हॉर्सपॉवर), 8400 ला लिमिटर, म्हणजे त्यापुढं इंजिन फिरू न देणारी मर्यादा. हे इंजिन मुळातच बोलकं आहे. याचे टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या वाट्या) हायड्रॉलिक आहेत, तेलाच्या दाबावर चालणारे. थंडीत दोन-दोन मैलांच्या फेऱ्या झाल्या की ते टिकटिक करतात, आणि एकदा नीट गरम करून हायवेवर चालवली की गप्प बसतात. तो आवाज वरून, हेडमधून (इंजिनाच्या वरच्या भागातून) येतो, बारीक आणि चटपटीत असतो. रॉडचा ठोका जड असतो, खालून, चेंबरकडून (इंजिनाखालच्या तेलाच्या डब्याकडून) येतो आणि तेल गरम होऊन पातळ झालं की वाढतो. दोन-अडीच हजारांवर अॅक्सिलरेटर हलकेच धरून सोडला की तो ठळक ऐकू येतो. तुम्ही 'गरम झाल्यावर' आणि 'खालून' असं लिहिलंय, त्यामुळे तुमच्या गॅरेजवाल्याशी मी सहमत होईन, पण खात्री करून घ्यायला हवी. ज्याला हे इंजिन माहीत आहे अशा माणसानं, गॅरेजमध्येच, अर्ध्या मिनिटात एकेका सिलिंडरचं इंजेक्शन तोडून पाहावं. ज्या सिलिंडरला ठोका दबतो, त्याचं बेअरिंग गेलं. एवढ्यासाठी इंजिन सुरू केलं तर चालेल, त्यापलीकडे नाही.

त्यानंतर तेल आणि फिल्टर. बहुतेक तक्रारी इथंच फसतात. गॅरेजवाला सवयीनं तेल सोडतो, फिल्टर कचऱ्यात टाकतो, नवं तेल भरतो, 'आवाज जातोय का बघू' म्हणतो. आवाज जात नाही, पण पुरावा जातो.

करायचं असं. तेल कोमट असताना चेंबरचा नट काढा. पहिली धार जाऊ द्या, मधल्या धारेखाली स्वच्छ बाटली धरा. बाटलीवर तारीख, गाडीचा नंबर, मैलाचा आकडा लिहा आणि प्रयोगशाळेत पाठवा. या गाडीचा फिल्टर पत्र्याच्या डब्यात बंद नसतो, फिल्टरच्या घराचं झाकण काढलं की नुसता कागदी घड्यांचा पंखा हातात येतो. तो कात्रीनं कापा, घड्या पांढऱ्या कापडावर उलगडा आणि उन्हात किंवा टॉर्चखाली तिरका धरून बघा. राखाडी धुरकट चकाकी थोडीफार सगळ्याच फिल्टरांत दिसते, तिला घाबरू नका. नखावर उचलता येतील असे चपटे तुकडे दिसले तर मात्र विषय संपला. त्यांच्यावरून चुंबक फिरवा. चिकटले तर लोखंड किंवा स्टील, म्हणजे चेन, कॅम किंवा क्रँक. चिकटले नाहीत आणि तांबूस दिसले तर बेअरिंगचा आतला थर. रुपेरी, मऊ आणि चुंबकाला दाद न देणारे असले तर बेअरिंगचा वरचा थर किंवा अॅल्युमिनियम.

तेलाच्या अहवालाबद्दल एक सावधगिरी. प्रयोगशाळेचं यंत्र अगदी बारीक कण मोजतं, काही मायक्रॉनच्या आतले. मोठी पापुद्री सुटून फिल्टरमध्ये अडकली असेल तर अहवाल निर्मळ येऊ शकतो. शिवाय या इंजिनात दोन प्रकारची बेअरिंग आली. सुरुवातीच्या गाड्यांत तांबं-शिशाचे शेल होते, तुमची 2009 ची त्यातलीच. युरोपात शिशावर निर्बंध आल्यावर 2010 च्या सुमारास शिसं नसलेले शेल बसू लागले. तुमच्या अहवालात शिसं, तांबं आणि कथील यांचे आकडे बघायचे. नंतरच्या गाडीचा मालक 'माझ्या तेलात शिसं शून्य' म्हणून खूश होत असेल, तर त्याच्या बेअरिंगमध्ये शिसं नव्हतंच हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, ही बेअरिंग जातात का.

रॉडचं बेअरिंग म्हणजे बॉल-बेअरिंग नव्हे. अर्धगोल पट्टीसारखे दोन शेल, एक वर रॉडमध्ये, एक खाली कॅपमध्ये, आणि मधे क्रँकपिन, म्हणजे क्रँकचा रॉड बसतो तो भाग. पाठ स्टीलची, त्यावर तांबं-शिशाचा थर, सगळ्यात वर मऊ धातूचा पातळ मुलामा. चालू इंजिनात क्रँक शेलला टेकत नाही, तेलाच्या पडद्यावर तरंगतो. तो पडदा भाराखाली काही मायक्रॉनचा उरतो. तो तुटला की धातू धातूला लागतो, मुलामा पुसला जातो, मग आतलं तांबं उघडं पडतं, फट वाढते, ठोका सुरू होतो.

या पडद्यासाठी क्रँक आणि शेल यांच्यात मुळात किती फट ठेवायची, यावर इंजिन बांधणाऱ्यांचा जुना अंदाज असा: व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी. एस65 च्या क्रँकपिनचा व्यास 52 मिलिमीटर, म्हणजे 0.05 च्या आसपास फट अपेक्षित. उघडलेल्या इंजिनांत मोजलं की ती बऱ्याचदा 0.03 च्या जवळ निघते. मालकांच्या तक्रारीचा सगळा भर या आकड्यावर आहे. त्यातच या इंजिनाला तेल लागतं 10डब्ल्यू-60, म्हणजे गरम झाल्यावर चांगलंच जाड राहणारं. अरुंद फट आणि जाड तेल, वर जानेवारीतली थंडगार सकाळ.

तरी माझं मत सांगतो, आणि ते बऱ्याच एम3 मालकांना रुचत नाही: फट एकटी गुन्हेगार नाही. तीच फट, तेच तेल असलेली इंजिनं मूळ बेअरिंगवर लाख मैलांच्या पुढं गेलेली मी पाहिली आहेत, आणि त्यातली काही उघडली तेव्हा शेल आणखी चालले असते. मग दुसऱ्यांची का जातात? माझ्या मते तीन गोष्टी एकत्र येतात. कंपनीनं सांगितलेला तेलबदलाचा लांबलचक टप्पा, सुमारे 15,000 मैलांचा. थंड इंजिनावर दिलेला जोर. आणि तेलाची पातळी, कारण या गाडीला डिपस्टिकच नाही, सेन्सर सांगेल तेच खरं, आणि मालक स्क्रीन उघडून बघतच नाही. या तिन्हींना सहन करायला फट थोडी मोठी असती तर माया राहिली असती. ती माया ठेवली नाही, हा रचनेचा दोष मी कंपनीच्या पदरात टाकेन. बाकीचा हिशेब प्रत्येक गाडीचा वेगळा.

बाकी केवळ 'जास्त आरपीएमचं इंजिन म्हणून जातं' हे स्पष्टीकरण अपुरं आहे. आधीच्या ई46 एम3 चं एस54 हे सहा सिलिंडरचं इंजिन घ्या. 3246 सीसी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 91 मिलिमीटर, 8000 आरपीएम. त्यात पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 24 मीटरच्या वर जातो. तुमच्या एस65 चा स्ट्रोक 75.2 मिलिमीटर, त्यामुळे 8300 आरपीएमलाही वेग 21 च्या आतच राहतो. त्या हिशेबानं तुमचं इंजिन जास्त सुखी असायला हवं.

त्या एस54 ला काय झालं ते सांगतो, म्हणजे 'तिला दिलं, मला का नाही' याचं उत्तर मिळेल. 2001 पासून गाड्या रस्त्यावर आल्या आणि काही महिन्यांच्या, काही हजार मैलांच्या गाड्यांची रॉड बेअरिंग जाऊ लागली. सुरुवातीला वाद तुमच्यासारखाच होता: चालवणाऱ्यानं चुकीचा गिअर टाकून इंजिन जास्त फिरवलं, अशी शंका मालकांवरच घेतली जायची. तक्रारी थांबेनात. शेवटी बीएमडब्ल्यूनं 2001 ते 2003 च्या बांधणीतल्या गाड्यांसाठी मोहीम काढली, बेअरिंग आणि बोल्ट बदलून दिले, आणि अमेरिकेत इंजिनाची वॉरंटी 6 वर्षं किंवा 1 लाख मैलांपर्यंत वाढवली. तुमच्या व्ही8 ला, आणि त्याच बोअर-स्ट्रोकच्या, ई60 एम5 मधल्या पाच लिटरच्या व्ही10 ला, अशी मोहीम कधीच निघाली नाही. का? माझा तर्क साधा आहे. एस54 ची इंजिनं नवी असताना, वॉरंटीत जात होती, बिल कंपनीच भरत होती. व्ही8 ची बहुतांशी वॉरंटी संपल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात गेली. बिल मालकाच्या खिशातून गेलं की कंपनीला घाई नसते.

कंपन्या कधी हलतात याची इतर उदाहरणंही बोलकी आहेत. 2014 च्या सुरुवातीला पोर्शच्या नव्या 911 जीटी3 पैकी दोन गाड्यांना युरोपात आग लागली. कारण निघालं कनेक्टिंग रॉडचा सैल झालेला स्क्रू. पोर्शनं मालकांना गाडी चालवू नका म्हणून कळवलं आणि जगभरातल्या सगळ्या 785 गाड्यांची इंजिनं नवी बसवली. आग लागली की तो सुरक्षेचा प्रश्न होतो, आणि मग सगळ्यांचे पाय लगेच हलतात. त्याच पोर्शच्या जुन्या 911 आणि बॉक्स्टरमधल्या इंटरमीडिएट शाफ्टच्या (क्रँकवरून व्हॉल्व्हचे कॅम फिरवणाऱ्या मधल्या दांड्याच्या) बेअरिंगचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षं भिजत पडला. अमेरिकेत मालकांनी सामूहिक दावा लावला तेव्हा 2013 मध्ये तडजोड झाली, आणि ती 2001 ते 2005 च्या गाड्यांपुरती. माझदानं आरएक्स-8 च्या रोटरी इंजिनाची वॉरंटी अमेरिकेत 8 वर्षं किंवा 1 लाख मैलांवर नेली. फोर्डनं 2018 मध्ये फोकस आरएसची हेड गॅस्केट फुकट बदलून दिली, कारण थंड सकाळी पांढरा धूर आणि गायब होणारं कूलंट हे लक्षण गाडीगणिक सारखंच होतं. एकाच लक्षणाच्या, तारीख-मैलासकट नोंदलेल्या शेकडो तक्रारी आल्या तर कंपनीला पळवाट उरत नाही. 'इंजिन भंगार आहे' अशा हजार तक्रारींचा उपयोग शून्य.

आता तुमचा डीलर म्हणतो ते तपासू. 'पिदडली' म्हणजे त्याला नेमकं काय म्हणायचंय? जोरात चालवली, हा दोष होऊच शकत नाही, 8400 पर्यंत फिरणारं इंजिन त्यासाठीच विकलं जातं. आणि लिमिटर असताना अॅक्सिलरेटर दाबून ते त्यापुढं नेताच येत नाही, कारण इंधन तुटतं. एकच मार्ग उरतो, गिअर चुकणं. तिसऱ्यात 8300 ला असताना चौथ्याऐवजी दुसरा पडला, तर चाकंच इंजिनाला फिरवतात आणि लिमिटर बघत बसतो. तुमच्या गाडीचा दुसरा गिअर 2.40 चा, तिसरा 1.58 चा. म्हणजे इंजिन क्षणभर 12,500 च्या आसपास जाईल. रॉडवर येणारा ताण आरपीएमच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे सव्वादोन पटींहून जास्त.

असं झालं असेल तर खुणा लपत नाहीत. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगला तो वेग झेपत नाही, व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात, पिस्टनच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखे ओरखडे उमटतात, व्हॉल्व्ह वाकतात, कॉम्प्रेशन पडतं. रॉडचे बोल्ट ताणले जातात. आणि बेअरिंगमध्ये मार मुख्यतः खालच्या, कॅपमधल्या शेलवर दिसतो, कारण वर जाऊन थांबणारा पिस्टन रॉडला वर खेचतो आणि ती ओढ कॅप सहन करते. हे सगळं आठही सिलिंडरांत थोडंफार दिसायला हवं, कारण आठही एकाच वेगानं फिरले. व्हॉल्व्ह पाहायला तर इंजिन उघडावंही लागत नाही. प्लग काढून आत कॅमेरा घाला, पिस्टनचं डोकं दिसतं. शिवाय काही गाड्यांचा कंप्युटर जास्त फिरवल्याची नोंद ठेवतो. पोर्शमध्ये तर ती टप्प्याटप्प्यानं, इंजिनाच्या तासांसकट असते. तुमच्या डीलरनं आरोप केलाय, तर नोंद दाखवायची जबाबदारीही त्यानंच घ्यावी. आणि गाडी त्याच्याकडे येण्याआधीच्या मालकानं काय केलं, हेही मग त्याच नोंदीत निघेल.

उलट, थर हळूहळू झिजून गेलेलं बेअरिंग वेगळं दिसतं. शेलच्या मधोमध राखाडी मुलामा जाऊन तांबूस पट्टा उघडा पडलेला, कडा शाबूत, रंग काळानिळा नाही. असा शेल चार महिन्यांत होत नाही, तो हजारो मैलांत होतो. आठपैकी सहा-सात रॉडांचे शेल कमीजास्त तसेच दिसले तर तुमच्या वापराशी त्याचा संबंध जोडणं कुणालाही अवघड जाईल. काळेनिळे, तापून पसरलेले शेल म्हणजे तेल पोचलं नाही. लांबट खरवड म्हणजे तेलात घाण होती. आणि एकच रॉड गेला, बाकीचे सात नव्यासारखे, असं असेल तर तिथं काहीतरी स्थानिक घडलंय: तेलाचं भोक बुजलेलं, बोल्ट नीट न आवळलेला, किंवा आधी कुणीतरी ते उघडलेलं.

हे शेवटचं वाटतं त्याहून जास्त वेळा घडतं. आमच्याकडे एक दुसऱ्याच बनावटीची व्ही8 आली होती, मालक थेट कारखान्यावर दावा लावायच्या तयारीत. चेंबर उतरवलं तर तेलाच्या पंपाच्या जाळीत लाल सिलिकॉनचे शेवयांसारखे धागे. कारखान्यात त्या जोडाला काळं सीलंट लागतं. म्हणजे मधे कुणीतरी चेंबर काढून, हात सैल सोडून लाल सीलंट फासलं होतं. जास्तीचं आत लोंबलं, तुटलं, जाळीला बसलं. मालकाच्या कागदांत त्या कामाचं बिल होतं, पण गॅस्केटच्या नावाखाली.

म्हणून तुमच्या बाबतीत माझा आग्रह: चेंबर उघडायच्या आधी डीलरला लेखी कळवा. इंग्लंडमध्ये कायदा तुमच्या बाजूनं बऱ्यापैकी उभा आहे. 2015 च्या कन्झ्युमर राइट्स अॅक्टप्रमाणे डीलरकडून घेतलेल्या वापरलेल्या गाडीलाही समाधानकारक दर्जाची अट लागू आहे. पहिल्या 30 दिवसांत गाडी सरळ परत देता आली असती, ते दिवस गेले. पण 6 महिन्यांच्या आत दोष दिसला तर तो विक्रीच्या वेळीच होता असं धरलं जातं, आणि तसं नव्हतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर येते. तुमचे चार महिने झालेत. उरलेले दोन फोनवर बोलण्यात घालवू नका. त्याला दुरुस्तीची एक संधी द्यावी लागते. ती फसली किंवा त्यानं नाकारली, तर गाडी परत करण्याचा किंवा किंमत कमी करून घेण्याचा हक्क येतो. गाडी परत केलीत तर तुम्ही केलेल्या वापरापोटी काही रक्कम तो कापू शकतो.

डीलरचा खरा बचाव 'पिदडली' हा नसेल, 'इतक्या जुन्या गाडीची नेहमीची झीज' हा असेल. कायदा वय, किंमत आणि मैल बघूनच दर्जा ठरवतो, त्यामुळे हा बचाव पोकळ नाही. त्याला उत्तर म्हणून स्वतंत्र इंजिनिअरचा अहवाल घ्या. त्यात 'बेअरिंग खराब आहे' एवढंच नको. मैलाचा आकडा, शेलचे फोटो क्रमांकासकट, क्रँकपिनची मापं, आणि ही झीज किती मैलांत होते यावरचं त्याचं मत, हे सगळं हवं. डीलर मोटर ऑम्बुड्समनचा (गाड्यांचे तंटे सोडवणाऱ्या संस्थेचा) सभासद असेल तर तिकडे जाता येतं, नसेल तर कोर्ट. आणि तुम्ही या चार महिन्यांत ट्रॅकवर गेला असाल, तर इंजिनिअरला आधीच सांगा. ते नंतर दुसऱ्याकडून कळलं तर बाकीचं खरंही खोटं ठरतं.

पुण्या-मुंबईतून असेच प्रश्न येतात म्हणून थोडं तिथलंही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली गाडीसाठी 50 लाखांपर्यंत मोजले असतील तर जिल्हा आयोग, 50 लाख ते 2 कोटी राज्य आयोग, त्यापुढं राष्ट्रीय आयोग. या वर्गातल्या गाड्या सहसा जिल्ह्याच्या वरच जातात. तक्रारीला मुदत दोन वर्षांची. 'उत्पादनदोष' म्हणालात की आयोग तज्ज्ञाचं मत मागतो, आणि योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवण्याची तरतूद कायद्यातच आहे. बहुतेक मालक हरतात ते इथंच. गाडी सर्व्हिस सेंटरला देऊन टाकतात, तिथं इंजिन उघडलं जातं, सुटे भाग भंगारात जातात आणि हाती उरतं फक्त बिल. जुने भाग परत हवेत हे जॉब कार्डवर, गाडी देतानाच, लिहून घ्या.

डीलर दुरुस्तीला तयार झाला, किंवा शेवटी खिशातूनच करायची वेळ आली, तर काम कसं व्हायला हवं ते सांगतो. इंजिन उतरवावं लागत नाही. वरून टांगून धरतात, पुढचा सबफ्रेम (इंजिनाखालची चौकट) खाली घेतात, चेंबर काढतात. आठ रॉड, सोळा शेल. एका क्रँकपिनवर दोन रॉड बसतात, तेव्हा चारच पिना, पण चारही मायक्रोमीटरनं मोजायच्या, लंबगोल झाल्यात का बघायचं. ठोकणाऱ्या रॉडची पिन हाताला खरबरीत लागली, नख अडकलं, तर नुसते शेल घालून उपयोग नाही, क्रँक बाहेर काढावाच लागेल. कुणी 'पॉलिश पेपर मारून बसवू' म्हणाला तर तिथून निघा. रॉड आणि कॅप तडकवून वेगळे केलेले असतात, एकाची कॅप दुसऱ्याला बसत नाही, त्यामुळे खुणा करूनच काढायच्या. बोल्ट नवेच हवेत, जुने ताणलेले असतात. बाजारात थोडी जास्त फट ठेवणारे शेलही मिळतात. मी ते वापरतो, पण मोजल्याशिवाय नाही. जुने शेल वर-खाली आणि सिलिंडर क्रमांक लिहून पिशव्यांत परत मागा.

पुढं तेल 6-7 हजार मैलांना किंवा वर्षाला, जे आधी येईल ते. टॅकोमीटरवरचा इशाऱ्याचा पट्टा तेल तापेल तसा वर सरकतो, तो पूर्ण वर गेल्याशिवाय चार हजारांच्या पुढं जायचं नाही. या गाडीत तेलाच्या तापमानाचा काटा दिलाय, पाण्याच्या तापमानाचा नाही, त्यावर नजर ठेवा.

आणि ज्यावर बहुतेक कामं फसतात ते: ऑइल कूलर. बेअरिंगचा चुरा तेलाबरोबर कूलरच्या जाळीत आणि नळ्यांत जाऊन बसतो. धुऊन तो पूर्ण निघत नाही. नवे शेल बसवले, जुना कूलर तसाच लावला, की पहिल्या काहीशे मैलांत तो चुरा परत नव्या बेअरिंगवर येतो आणि दुसरं इंजिन 'कंपनीच्या दोषानं' जातं. फिल्टरमध्ये तुकडे निघाले असतील तर कूलर आणि नळ्या नव्या, हे कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहून घ्या. ती ओळ लिहायला जो गॅरेजवाला कां-कूं करेल, त्याच्याकडे गाडी देऊ नका.